पाटी डोक्यावरच राहील

आमच्या घराला वास येतो हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही पुण्यात, एका काचेच्या दाराच्या ऑफिसात, परक्या माणसांसमोर. त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. शाळेत सांगितलं होतं, एसटीत सांगितलं होतं. पण सांगणाऱ्यांच्या नाकातच खोट आहे असं मी धरून चालले होते, आणि मी एकदा काही धरलं की सहजी सोडत नाही.

ते सगळं सांगायचं तर आधी खोक्यांचं सांगायला हवं.

मी खोकी बनवते. म्हणजे खोक्यांचे आराखडे करते. पुठ्ठा कुठे कापायचा, कुठे दुमडायचा, आतली वस्तू हलता कामा नये, मोडता कामा नये आणि तरी दुकानात उठून दिसली पाहिजे, हे बघायचं माझं काम. तळोज्याच्या बाजूला पुठ्ठ्याच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं हेच केलं. औषधाच्या बाटल्या, मिक्सर, हापूस आंबे, कोकम सरबत, काय वाट्टेल ते खोक्यात घातलं. मग आयच्या मानेनं दगा दिला आणि मी मुरुडला परत आले. कोळीवाड्यातल्या घरी पुढच्या खोलीत एक लांबरुंद टेबल टाकलं. त्यावर लॅपटॉप, कटर, लोखंडी पट्टी, आणि वर माळ्यावर पुठ्ठ्याचे ताव. कामं फोनवर यायला लागली.

आयला माझा धंदा कधी पटला नाही. "खोका कोण बघतो गो? आतला काढतात नि खोका फेकून देतात," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. आणि खोटं कशाला बोलू, तिचं चूक नव्हतं. फेकतातच लोक. वाड्यातल्या बायका मला 'खोकेवाली' म्हणायच्या. मी चिडते हे कळल्यावर तर जास्तच म्हणायच्या.

आय स्वतः पाटीवाली. पस्तीसेक वर्षं तिनं डोक्यावर मासळीची पाटी वाहिली. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, पदराची चुंबळ करायची, त्यावर पाटी चढवायची. आगरदांड्याला लाँच पकडून खाडीपलीकडे दिघीला उतरायचं आणि तिथून बोर्ली पंचतनचा बाजार गाठायचा. ओली मासळी नसेल तेव्हा सुकी घेऊन एसटीनं तळा गावाला. हात न लावता पाटी डोक्यावर ठेवून ती लाँचच्या फळीवरून चालत जायची, आणि वर तोंडानं कुणाशी तरी भांडतही असायची. भांडताना मान जरासुद्धा हलायची नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा चालतात.

एक दिवस तिचा उजवा हात मुंग्या आल्यासारखा बधिर झाला तो झालाच. अलिबागच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "मावशी, मणके झिजलेत. आता डोक्यावर पाण्याचा तांब्याही ठेवायचा नाही." घरी आली, पाटी धुतली आणि परसात पालथी घातली. रडलीबिडली नाही. पण पुढचे दोन महिने ती बंदराकडे फिरकली नाही, आणि आमच्या आयचं बंदर सुटणं म्हणजे काय ते आमचं आम्हाला ठाऊक. मी तळोजा सोडून आले ती तेव्हा.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, पुण्याहून फोन आला. बाहुल्या बनवणारे एक गृहस्थ. खेळायच्या बाहुल्या नव्हेत, जमवायच्या. मोजक्याच बनवायच्या, प्रत्येकीवर क्रमांक घालायचा. लोक त्या विकत घेतात आणि कपाटात जपून ठेवतात. पुष्कळ जण तर खोकं उघडतसुद्धा नाहीत. खोक्याचा कोपरा दबला तरी अशा गिऱ्हाइकाचा जीव खालीवर होतो, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, आलं गं बाई! जगात एक तरी जात निघाली जी खोकं फेकत नाही.

आयला सांगितलं तर ती बघतच राहिली. "बाहुली, नि खेळायची न्हाय?"

"नाही."

"बाहेर पण काढायची न्हाय?"

"नाही गं."

"मग ती बिचारी आत करते काय?"

आठवड्यानं बाहुली आली, कापसात गुंडाळलेली. दोघींनी मिळून कापूस सोडला. कोळीण होती ती. दीड वीत उंच. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यावर वेणी, एक हात कमरेवर, आणि डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. पाटीत नखाएवढी मातीची मासळी, एकेक वेगळी रंगवलेली. चेहरा असा की आता भावावरून भांडेल. कुणी केली असेल त्याचा हात सोन्याचा. आयनं चष्मा लावून ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "उभी बरोबर ऱ्हायलीय." तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

अडचण एकच होती, आणि ती नेमकी पाटीची. बाहुलीचं अंग हलकं आणि पाटी जड. खोकं जरा आपटलं की सगळा भार मानेवर. मालकांनी फोनवर सरळ सांगितलं, "मॅडम, खोक्यात जमत नसेल तर आपण पाटी सुटी देऊ. छोट्या पिशवीत घालून बाजूला ठेवू. ज्याला हवी तो डोक्यावर ठेवील."

सुटी! पिशवीत! माझं डोकं असं सणकलं म्हणता. कोळणीच्या डोक्यावरची पाटी काढून तिच्या बगलेत पिशवी द्यायची, म्हणजे ती काय बाजारहाट करायला निघालीय? मी म्हटलं, "पाटी डोक्यावरच राहील. ते माझ्यावर सोडा." फोन ठेवला. आय दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. आमच्या घरातली एक पाटी उतरली होती, तिथे माझं काही चाललं नव्हतं. ही दुसरी मी उतरू देणार नव्हते.

तीन आठवडे खपून मी पहिला नमुना केला. समोर मोठी खिडकी, मागे निळा समुद्र, बाहुली पारदर्शक दोऱ्यांनी मागच्या पुठ्ठ्याला बांधलेली. एक दोरा कमरेत, एक खांद्यांखालून, आणि पाटी हलू नये म्हणून एक पाटीवरून मागे ओढून घट्ट गाठ. दिसायला असं देखणं की मी स्वतःच चार वेळा फोटो काढले. नवी साडी नेसले, खोकं मांडीवर घेतलं आणि पुण्याला गेले.

ऑफिसात मालक होते आणि त्यांच्याकडची एक तरुण डिझायनर. मालक मऊ बोलणारे, चष्मिष्ट. मी टेबलावर खोकं ठेवलं, वरचं झाकण उघडलं. डिझायनर कौतुकानं वाकली आणि तशीच मागे सरकली. मालकांनी नाकाला रुमाल नाही लावला, सभ्य माणूस, पण हात खिशाकडे गेला होता हे मी पाहिलं. मग ते म्हणाले, "इथे... कसला तरी वास येतोय का?"

मुलगी उठली आणि तिनं खिडकी उघडली.

मी खोकं नाकाशी नेलं. जोरात हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. पुठ्ठ्याचा, डिंकाचा, नेहमीचा वास. आणि मग लख्ख उजेड पडला. माळा! माळ्यावर माझे ताव ठेवलेले असतात, आणि तावांना टेकून त्या मोसमातली सुक्या बोंबलाची आणि जवळ्याची गोण. तीन आठवडे पुठ्ठा त्या गोणीशेजारी झोपला होता. पुठ्ठ्यासारखी वास पिणारी दुसरी वस्तू नाही, हे मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचे! मसाल्याशेजारी औषधाची खोकी ठेवू नका म्हणून कुणाकुणाला झापलं होतं. अन् घरी? घरी मला वास येतच नव्हता तर कळणार कसं? आपला तो बाब्या.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं. खोकी तपासताना ती मुद्दाम पाडून बघतात. छातीच्या उंचीवरून, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, मग सहाही बाजूंवर. मालकांनी पहिल्यांदा कोपऱ्यावर पाडलं आणि आतून 'टक्' असा आवाज आला. उघडलं तर पाटी कलली होती, मासळी खोकंभर सांडली होती, आणि पाटीवरून घसरलेला दोरा बाहुलीच्या मानेत रुतून तिथला रंग उडाला होता. मानेवर आडवा पांढरा वळ. मी तो वळ पाहिला. डॉक्टरांनी दिव्यासमोर धरलेला एक्स-रे आठवला.

"आपण पाटी सुटीच देऊ," मालक हळू आवाजात म्हणाले.

"पंधरा दिवस द्या," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पंधरा दिवसांत नाही जमलं तर काढा पाटी. मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

मालकांनी दिलेली दुसरी बाहुली घेऊन परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि साडीचा पदर नाकाशी धरून हुंगत राहिले. शेजारी एक बाई होती, तिला काय वाटलं असेल देव जाणे. चौथीत असताना बाकावरची मुलगी माझ्यापासून सरकून बसायची. मी रोज सकाळी डबा साबणानं तीनदा घासायचे, आयची पावडर चोरून मानेला फासायचे. एसटीत आय पाटी घेऊन चढली की लोक नाकं मुरडायचे, आणि मी, तिची पोर, दोन सीट पुढे जाऊन बसायचे. ओळख नसल्यासारखी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज तेव्हा तिची वाटायची. त्या दिवशी एसटीत माझी मला वाटली.

घरी आले तर आय परसात बोंबील जोडत बसली होती. माझ्या भावाच्या होडीला भरपूर बोंबील लागले होते आणि ते सुकवायला वलांडीवर घालायचे होते. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात ती. बोंबील दोऱ्यांवर नुसते टाकले तर घसरतात, म्हणून एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची. जोडी दोरीवर टाकली की एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. आयला ओझं बंद होतं, पण बसून जोड्या करायला तिला डॉक्टरचा बापही अडवू शकला नसता.

मी पायरीवर धपकन बसले आणि सगळं सांगितलं. वासाचं सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पुण्यापोत गेला व्हय वास? मना जल्मात पुणं बघायला भेटला न्हाय, नि माजा बोंबील माज्या आधी जाऊन आला!"

"हसतेस काय? लाज गेली माझी!"

"कसली लाज? त्या वासावर शिकलीस तू." हसणं तिनं तसंच चालू ठेवलं, पण हे वाक्य मधेच, सरळ सुरात बोलली. मग म्हणाली, "बस. दोन हात लाव. रागानं काम बरा होतंय."

बसले. पंचवीस वर्षांत बोंबलाला हात लावला नव्हता. मला जोडी जमेना. मी दोन्ही जबडे चिमटीत धरून एकमेकांत दाबत होते, दात बोटाला टोचत होते, आणि दोरीवर टाकलं की जोडी सुटून मातीत. तीनदा झालं. चौथ्यांदा आयनं माझ्या हातावर चापट मारली.

"दाबतेस कशाला गो? तू नको धरू. नुसता अडकव नि सोडून दे. खाली ओढ बसली का त्याचं वजन त्यालाच धरतंय. काढताना जरा वर उचलायचा, सुटतो."

तिनं एक जोडी करून दाखवली. जबड्यात जबडा, अलगद. दोरीवर टाकली. बोंबील लोंबले आणि जबडे एकमेकांत आपोआप घट्ट बसले. मी जोडीला खाली ओढून पाहिलं, आणखी घट्ट. वर उचलून जरा तिरपं केलं, सुटली.

मी पुन्हा जोडली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडवली. आय म्हणाली, "खेळतेस का काम करतेस?" मी उठलेच. मासळीच्या हातानं घरात पळाले, टेबलावरचा पुठ्ठ्याचा तुकडा ओढला आणि कटर चालवायला लागले. मी बाहुलीला बाहेरून बांधत बसले होते. जेवढं घट्ट बांधावं तेवढा मार तिच्या मानेला. तिचं वजनच तिला धरील असं काहीतरी करायला हवं होतं, आणि ते माझ्या परसात माझ्या जन्माआधीपासून लोंबत होतं!

कल्पना सुचली म्हणजे काम झालं असं नसतं, हे सांगून ठेवते. डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशा पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काढल्या. दोघींच्या टोकांना बोंबलाच्या तोंडासारखी खाच. चुंबळीच्या मागे त्या एकमेकींत अडकवल्या की पाटीचं बूड त्यांच्यावर टेकतं, मानेवर भार राहत नाही. तशीच एक जोडी कमरेत. दोरा नाही, तार नाही, डिंकाचा थेंब नाही. पण पहिल्या पट्ट्या फाटल्या. पुठ्ठ्यालाही लाकडासारखे तंतू असतात, मी घाईत ते आडवे कापले होते. मग उभे कापले तर खाच इतकी घट्ट झाली की बाहुली बाहेर निघेना. एक मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे. किती नमुने झाले ते मोजलं नाही. आयनं चुलीत घातले.

अंगणात पाडून बघायची वेळ आली तेव्हा मी आयला म्हटलं, "तू पाड, मी खालून बघते." ती दोन पावलं मागे सरली. "डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मी न्हाय पाडणार. तुझी तू पाड." आणि खरोखर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी एकटीनं पाडलं. कोपऱ्यावर एकदा, कडांवर तीनदा, बाजूंवर सहादा. दर वेळी ती पाठमोरीच विचारायची, "हाय?" आणि मी आतून बघून सांगायचे, "हाय." दहाव्यांदाही 'हाय' म्हटलं. मी स्वतःवर इतकी खूश त्याआधी कधी झाले नव्हते. अगदी मिरवावंसं वाटत होतं, आणि बघायला होती फक्त शेजारची मांजर.

राहिला वास. ओळखीच्या लॉजवाल्या काकांनी वरची एक खोली उघडून दिली. नवे ताव तिथे ठेवले, शेवटचा नमुना तिथेच केला, रोज लिंबानं हात धुऊन. पण वास गेला की नाही हे ठरवणार कोण? माझं नाक माझ्या बाजूचं, आयचं तर त्याहून. लॉजवाले काका सकाळी न्याहारीला सुकटाची चटणी खाणारे. अख्ख्या मुरुडात मला एक भरवशाचं नाक सापडेना! शेवटी आठवलं, बँकेत सोलापूरकडच्या एक बाई नव्या बदलून आल्या होत्या. कट्टर शाकाहारी. समुद्रावर फिरायला जातानाही बिचाऱ्या ओढणी नाकाला लावून जायच्या. मी खोकं घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "मॅडम, हे जरा हुंगता का?"

त्यांनी आधी सुरक्षारक्षकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सगळं समजावून सांगितल्यावर मात्र त्या बाईनं डोळे मिटून, अगदी मन लावून खोक्याचे चारही कोपरे हुंगले. रांगेतली माणसं थांबून बघत होती. "काही नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "खरंच सांगते, काही नाही. पुठ्ठ्याचाच वास आहे." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण माझ्या साडीची मला खात्री नव्हती.

पंधराव्या दिवशी मी पुण्यात होते. खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "आधी हुंगा. नीट हुंगा, लाजू नका." मालक कानापर्यंत लाल झाले, पण हुंगलं. मग पाडलं. दहा वेळा. मी मोजत होते. उघडलं तर माझी कोळीण कमरेवर हात ठेवून तशीच उभी, मासळी जागच्या जागी, मान स्वच्छ. मालकांनी अकराव्यांदा पाडलं, नियमाबाहेर, जरा जास्तच उंचावरून. मी म्हटलं, "पाडा अजून. तिला सवय आहे."

डिझायनर मुलीनं बाहुली बाहेर काढली, पण परत बसवताना पट्ट्या अडकेनात. मी दाखवलं. पुन्हा चुकली. मालक म्हणाले, आत एक कागद घालावा लागेल, चित्रं काढून. मग त्यांनी विचारलं, ही जोडणी कुठे शिकलात. पहिल्या खेपेची मी असते तर म्हटलं असतं, कारखान्यात. मी म्हटलं, "आमच्या परसात. आय बोंबील असे जोडते. त्या दिवशी तुम्हाला वास आला ना, तेच बोंबील." कुणी हसलं नाही. मालकांनी वहीत लिहून घेतलं. त्यांना मी आणखी एक सांगितलं, आणि विनंती म्हणून नाही सांगितलं: त्या कागदावर लिहा की ही जोडणी कोळी बायकांची आहे. लिहिलं त्यांनी.

छापून तयार झालेलं पहिलं खोकं कुरिअरनं घरी आलं तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. आय ओट्यावर होती. मी खोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. निळ्या समुद्रावर ती हिरव्या लुगड्यातली बाई, पाटीसकट. आयनं खिडकीतून पाहिलं आणि सरळ झाकणाला हात घातला.

"आय, उघडायचं नसतं! उघडलं की त्याची पत जाते."

"बघितल्याबिगर मासळी कोण घेतो?" ती म्हणाली आणि उघडलं. बाहुली वर उचलून जरा तिरपी केली, पट्ट्या सुटल्या, बाहुली हातात. तिनं पाटीतली मासळी पाहिली. मग बाहुली उलटी करून, अंगठ्यानं तिची मान चाचपली. पुढून, मागून. बराच वेळ.

"वळ न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

तिनं बाहुली परत खोक्यात ठेवली. चित्रांचा कागद खाली पडला होता, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. तिची नजर तर गल्लीत होती, कोण येतंय जातंय त्यावर. एका हाताच्या दोन बोटांनी तिनं पट्टीत पट्टी अडकवली, कमरेतली, मग चुंबळीमागची, आणि झाकण लावलं. पुण्यातल्या शिकलेल्या पोरीला जे दोनदा जमलं नाही ते आमच्या आयनं न बघता एका दमात केलं. मी म्हटलं, "आय, हा कागद तुझ्यासाठी नव्हताच." ती म्हणाली, "कंचा कागद?"

मग ती उठली. पदराचं टोक ओढलं, हातावर गोल गोल गुंडाळलं आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. मला कळेपर्यंत खोकं चुंबळीवर चढलं होतं.

"आय, मान! डॉक्टर काय म्हणालेत?"

"गप गो. तांब्यापेक्षा हलका हाय."

दोन्ही हात सोडून, पाठ ताठ, ती ओट्याच्या तीन पायऱ्या उतरली आणि गल्लीला लागली. दोन वर्षांत ती गल्लीतून अशी चालली नव्हती. खोकं जरासुद्धा हललं नाही. पहिल्या दारापाशी तिनं आवाज दिला, तोच, बोर्लीच्या बाजारात द्यायची तो, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"या गो बायांनो! बघायला या! माज्या पोरीनं खोका केलाय!"